ओलपट्टी

"कोणीतरी हात पुढे करा बरं," डॉ. मृण्मयी अभ्यंकर म्हणाल्या, पण आंबे सोलायला बसलेल्या बायकांपैकी एकीनेही हात पुढे केला नाही. सगळ्यांचे हात मनगटापर्यंत रसाने बरबटलेले. पुण्याहून आलेल्या या इस्त्रीच्या कपड्यांतल्या बाईच्या हातात असा हात द्यायचा कसा, म्हणून एकमेकींकडे बघत सगळ्या नुसत्या हसत राहिल्या. शेवटी सुगंधा पाष्टे उठली. एप्रनला हात पुसत म्हणाली, "घ्या माझा. काय करायचं ते करा, फक्त सुई नको."

सुई नव्हतीच. डॉक्टरांनी तिच्या पंजाच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून वर उचलली आणि सोडली. कातडीची घडी क्षणभर तशीच उभी राहिली, मग सावकाश खाली बसली.

"ही लगेच बसायला हवी," डॉक्टर म्हणाल्या. "सकाळपासून पाणी किती प्यायलात?"

"चहा घेतला की," सुगंधा म्हणाली, आणि सगळी लाइन खो खो हसली.

दारात उभी असलेली प्रणाली मात्र हसली नाही. ती या फॅक्टरीतली नर्स. खारवणच्या खाडीकाठच्या या आंबा कॅनिंगच्या फॅक्टरीत बायका पाणी का पीत नाहीत हे तिला चांगलं ठाऊक होतं. संडास एकच, तोही मागच्या कुंपणाशी. तिथे जायचं तर सुपरवायझरला विचारायचं, आणि विचारल्यावर तो घड्याळाकडे बघणार. त्यापेक्षा घसा कोरडा ठेवलेला बरा. एप्रिलपासून जूनपर्यंत हापूसचा हंगाम, एका बाजूला रस आटवणाऱ्या वाफेच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला डबे उकळण्याची भट्टी, आणि मधे या बायका दिवसभर घशाखाली घोटभर चहा उतरवून बसलेल्या. कोणाला मूतखडा, कोणाला लघवीची जळजळ. सुगंधा तर गेल्या हंगामात आंब्यांच्या क्रेटवरच कोसळली होती.

सुगंधा प्रणालीची थोरली जाऊ. दोघींचं घर एक, स्वयंपाक एक. लग्नानंतर प्रणालीला नर्सिंग शिकावंसं वाटलं तेव्हा तिची मुलगी अजून रांगत होती. "तू जा कॉलेजला, पोरगी मी बघते," असं सुगंधाने सगळ्यांसमोर सांगितलं आणि कोर्स संपेपर्यंत ते निभावलंही. ती क्रेटवर पडली त्या दिवशी प्रणालीने मनाशी ठरवलं की यावर काहीतरी करायचंच. पुण्याची एक संस्था नवं यंत्र कामगारांवर तपासून बघणार आहे असं कळल्यावर तिनेच पत्रव्यवहार केला, मॅनेजर मयेकरांच्या मागे लागून परवानगी मिळवली, आणि म्हणून आज डॉक्टर इथे आल्या होत्या.

"चिमट्याची परीक्षा जुनी आणि फुकटची," डॉक्टर बायकांना सांगत होत्या. "पण वय वाढलं की कातडी अशीही सैल पडते, मग चिमटा फसवतो. लघवीचा रंग बघावा म्हटलं तर ती होईपर्यंत थांबायचं. आणि जीभ कोरडी पडली म्हणजे उशीर झालेलाच असतो. आम्हाला त्याच्या आधी कळायला हवं होतं."

त्यांनी बोटाएवढी, कातडीच्याच रंगाची एक पट्टी सुगंधाच्या दंडावर चिकटवली. संस्थेत तिला लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण डॉक्टर तिला ओलपट्टी म्हणत. ही पट्टी अंगात अगदी बारीक वीज सोडते, जाणवणारही नाही इतकी. अंगातलं पाणी खारं असतं आणि खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. पाणी घटलं की तिची वाट अडते. ती किती अडते तेवढं मोजायचं. संथ लहरींची वीज पेशींची आवरणं ओलांडू शकत नाही, ती पेशींच्या बाहेरच्या पाण्यातून वळसे घेत जाते. जलद लहरींची वीज आवरणांतून आरपार निघते. दोन्ही ताडून बघितल्या की पेशींच्या आत पाणी किती आणि बाहेर किती ते कळतं. वरच्या घामाने फसगत होऊ नये म्हणून कातडीच्या वरच्या थरातली ओल पट्टी निराळी मोजते आणि ती वजा करते. पट्टीच्या टोकाला मोहरीएवढा दिवा. पाणी पुरेसं असेल तर हिरवा, घटायला लागलं की पिवळा, धोका असेल तर लाल.

सुगंधाच्या दंडावर दिवा लागला तो पिवळा. डॉक्टरांनी तिला मीठ-साखरेचं पाणी पाजलं. बायकांनी सुऱ्या खाली ठेवल्या आणि भोवती गोळा झाल्या. थोड्या वेळाने दिवा हिरवा झाला तेव्हा सुगंधाने दंड सगळ्यांना फिरवून दाखवला, नवी बांगडी दाखवावी तसा.

त्या हंगामात फॅक्टरीचा नूर पालटला. प्रत्येक पट्टीची खबर प्रणालीच्या खोलीतल्या पडद्यावर यायची, एकेका बाईचा एकेक ठिपका. पिवळा झाला की त्या बाईने उठायचं, पाणी प्यायचं, हिरवा होईपर्यंत लाइनवर परतायचं नाही. पट्टी मध्येच बायकांना उठवते हे बघितल्यावर मयेकरांनी आपणहून लाइनशेजारी नवे संडास बांधून घेतले. मीठ घातलेल्या कोकम सरबताची पिंपं आली. पाणी प्यायची परवानगी मागावी लागत नव्हती; दंडावरचा दिवाच परवानगी देत होता. हंगाम संपेपर्यंत एकही बाई चक्कर येऊन पडली नाही. रत्नागिरीच्या पेपरात प्रणालीचा फोटो आला. सुगंधाने तो कापून देवघराच्या शेजारी लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली, "आमची प्रणाली ही."

पावसाळ्यात मयेकरांनी प्रणालीला केबिनमध्ये बोलावलं. मयेकर वाईट माणूस नव्हते. बायकांच्या घरच्या लग्नाला, बाराव्याला न चुकता जाणारे होते. पण हंगामात त्यांची झोप उडायची, कारण पिकलेला आंबा कोणासाठी थांबत नाही. आणि गेली काही वर्षं सरकारचा नियम होता की उष्णतेचा इशारा असेल त्या दिवशी भर दुपारी सगळं काम बंद ठेवायचं. त्या वेळात बायका आवारातल्या काजूंच्या सावलीत आडव्या व्हायच्या, आणि आत क्रेटमधला आंबा काळा पडायचा.

"मॅडम, नवा नियम येऊ घातलाय," मयेकर म्हणाले. "जिथे प्रत्येक कामगाराला पट्टी आहे, तिथे दुपारची सरसकट बंदी नाही. ज्याचा दिवा लाल, तो थांबेल. बाकीच्यांनी कशाला थांबायचं? तुमचं मत मागवलंय सरकारने. मला एकच सांगा. हिरवा म्हणजे बाई ठीक. असंच ना?"

प्रणालीच्या डोळ्यांसमोर सगळा हंगाम होता. एक बाई पडली नव्हती.

"हो," ती म्हणाली. "असंच."

तिचं मत डॉ. अभ्यंकरांच्या अहवालाबरोबर मुंबईला गेलं आणि पुढच्या हंगामाच्या आत नियम झाला.

दुसऱ्या वर्षी काजूखाली कोणी आडवं झालं नाही. उन्हाळा आदल्या वर्षीपेक्षा कडक होता, पण पडद्यावरचे ठिपके हिरवेगार होते, कारण आता बायकांना पाणी प्यायची चांगली सवय लागली होती. पट्टीवर सगळ्यांचाच इतका विश्वास बसला होता की सुपरवायझर कोणाशी बोलायच्या आधी दंडाकडे बघायचा. प्रणालीला यात काही खटकलं नाही. तीही तेच करत होती.

एका रविवारी दोघी जावा मागच्या पडवीत मांदेली साफ करत बसल्या होत्या. सुगंधा नेहमीसारखी बोलत नव्हती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "परवा लाइनवर शेवंताचं डोकं ठणकत होतं. जरा बसते म्हणाली, तर सुपरवायझर म्हणतो, दंड दाखव. दंड हिरवा. म्हणे, नाटकं नकोत, चल काम कर."

"मी बघितलं होतं तिचं, वहिनी. पाणी भरपूर होतं अंगात."

"असेल की. पण डोकं ठणकत होतं ना?"

"डोकं काय, कशानेही दुखतं. रात्रीची झोप नसेल झाली."

सुगंधाने हातातल्या मासळीचं डोकं मोडून बाजूला टाकलं. "आधी कोण तुझ्याकडे आली की तू तिच्या तोंडाकडे बघायचीस. आता दंडाकडे बघतेस."

प्रणालीला ते झोंबलं. "आणि आधी तुम्ही पाणी न पिता मरायची पाळी आणायचात, ते? क्रेटवर पडला होतात, आठवतं ना? तेव्हा तोंडाकडे बघून मला काय कळलं होतं?"

"तसं नाय गो. पट्टी चांगलीच हाय, मी कुठं वाईट म्हणते?" सुगंधाचा आवाज खाली आला. "फक्त मला आता आपलं बरं नाय असं बोलायचीच लाज वाटते. दिवा हिरवा असला की वाटतं, आपणच खोटं बोलतोय."

मांदेली धुऊन प्रणालीने मीठ-हळद लावली आणि विषय तिथेच राहिला.

मे महिना संपत आला तशी हवा बिघडली. आभाळ भरून यायचं आणि तसंच कोंडून राहायचं. खाडीवरून वारा म्हणून नाही. पारा काही फार वर चढलेला नव्हता, त्यामुळे त्या दिवशी इशारा वगैरे नव्हता आणि कोणाला धास्तीही वाटली नाही. पण अंगावरचा घाम काही केल्या वाळत नव्हता. आत टाक्यांची वाफ छताला लागून पुन्हा खाली उतरत होती. बायकांचे कपडे पिळून काढावेत इतके ओले.

दुपारच्या सुमाराला प्रणाली पडद्यासमोर बसून बोलत होती. दुसऱ्या जिल्ह्यांतल्या फॅक्टऱ्यांचे अधिकारी, मुंबईचे दोघे-तिघे आणि पुण्याहून डॉ. अभ्यंकर, सगळे एकाच वेळी तिचं ऐकत होते. ती त्यांना ठिपके दाखवत होती. सगळे हिरवे.

दारात सुगंधा येऊन उभी राहिली. मागे शेवंता आणि आणखी एक बाई होती.

"प्रणाली, अंगात नुसती आग उठलीय गं," सुगंधा म्हणाली. "डोळ्यापुढं आंबे पोहतायत."

प्रणालीने माइकवर हात ठेवला. मान वळवून पडद्यावर सुगंधाचा ठिपका शोधला. हिरवा. नुसता हिरवा नव्हे, सगळ्यांत गडद हिरवा. बाईने सकाळपासून भरपूर पाणी प्यायलेलं दिसत होतं.

"वहिनी, पाणी छान आहे तुमच्या अंगात. हे एवढं संपलं की येतेच मी बघायला."

सुगंधा थोडा वेळ दाराची चौकट धरून उभी राहिली. पडद्यावरची सगळी साहेबमंडळी बघितली आणि परत फिरली.

मुंबईच्या एकाने प्रश्न विचारला, प्रणालीने त्याचं उत्तर दिलं. मग आणखी एक प्रश्न आला. आणि मग लाइनवरून किंकाळी आली.

ती धावत पोचली तेव्हा सुगंधा उभी होती, पण कोणाला ओळखत नव्हती. हाताला लागतील ते आंबे भिरकावत होती, धरायला जाईल तिला ढकलत होती आणि "आये, कडी काढ, आये," असं बंद दारापाशी ओरडावं तसं ओरडत होती. तिची आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मग एकदम पाय मुडपले आणि ती ओल्या फरशीवर आडवी झाली. प्रणालीने कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. थर्मामीटर लावला. आकडा बघून तिला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. एवढ्या तापात मेंदू टिकत नाही, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं.

सुगंधाचं सगळं अंग घामाने निथळत होतं. दंडावरचा दिवा हिरवा होता.

त्या एका क्षणात प्रणालीला सगळं कळलं, आणि हे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं हेही कळलं. घाम येण्याने अंग थंड होत नाही, घाम वाळण्याने होतं. हवाच पाण्याने भरलेली असेल तर घाम नुसता ओघळतो, उष्णता अंगातच राहते, आणि माणूस पोटभर पाणी पिऊन, भरल्या हंड्यासारखा असतानाही आतल्या आत शिजत जातो. पट्टी पाणी मोजत होती. तिने पाणी बरोबर मोजलं होतं.

"हौदात!" प्रणाली ओरडली. "डबे गार करायच्या हौदात घाला हिला! बर्फ आणा, शीतगृहातला असेल नसेल तेवढा आणा!"

उकळून निघालेले डबे गार करायला भट्टीच्या मागे सिमेंटचा हौद होता. चौघींनी सुगंधाला उचलून कपड्यांसकट त्यात उतरवलं. प्रणाली स्वतः हौदात उतरली, सुगंधाचं डोकं छातीशी धरून पाण्यावर ठेवलं. मयेकर स्वतः बर्फाच्या लाद्या ओढत होते, शेवंता त्या फोडत होती. अँब्युलन्स येईपर्यंत ताप बराच उतरला होता. प्रणालीचे दात वाजत होते. सुगंधाने डोळे उघडले नव्हते, पण श्वास चालू होता.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की वेळेवर गार केलं म्हणून बाई वाचली. हे ऐकून दिलीपदादा, सुगंधाचे यजमान, हात जोडून रडले. पण वाचली म्हणजे काय, ते पुढच्या आठवड्यांत हळूहळू कळत गेलं. मेंदूच्या मागच्या बाजूला तोल सांभाळणारा जो भाग असतो तो उष्णतेला फार नाजूक. सुगंधाला सगळं समजत होतं, सगळं आठवत होतं, पण पाऊल टाकायला गेली की पाय दारू प्यायल्यासारखा भलतीकडे पडायचा. पेला तोंडाशी नेताना अर्धा सांडायचा. आणि बोलणं, जे तिचं वैभव होतं, ते आता एकेका शब्दापाशी अडखळत, ओढत ओढत यायचं. सुधारेल काही अंशी, डॉक्टर म्हणाले. पहिल्यासारखी होईल असं मात्र ते म्हणाले नाहीत.

सुगंधा दारात येऊन परत गेली ही गोष्ट लपून राहण्यासारखी नव्हतीच. शेवंताने ती त्याच दिवशी सगळ्यांना सांगितली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात दिलीपदादांनी प्रणालीला एवढंच विचारलं, "तू नर्स हायस ना?" त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. प्रणालीचा नवरा संकेत मधे पडायला गेला. तेव्हा ते म्हणाले, "मी काय बोललोय का तिला? बोललोय का काय?" ते खरंच होतं. तिने वाढलेलं ते जेवत. भाजी हवी असली तर स्वतः उठून घेत.

चौकशी लागली. फॅक्टरीच्या वकिलांनी कागद तयार केला: पट्टी अखेरपर्यंत हिरवी होती, त्या दिवशी उष्णतेचा इशारा नव्हता, सबब या घटनेचा कामाच्या जागेशी संबंध नाही, कामगार स्त्रीला पूर्वी एकदा चक्कर आल्याची नोंद आहे. खाली प्रणालीची सही हवी होती.

"मॅडम, यात खोटं अक्षर नाही," मयेकर म्हणाले. त्या दिवशी बर्फ ओढताना कापलेल्या त्यांच्या बोटाला अजून बँडेज होतं.

"नाही ना. एकही नाही," प्रणाली म्हणाली आणि सही न करता कागद परत केला.

चौकशी समितीसमोर आधी डॉ. अभ्यंकरांना बोलावलं. त्यांनी आलेख दाखवले. पट्टीने शेवटच्या क्षणापर्यंत पाणी अचूक मोजलं होतं, यंत्रात दोष नव्हता. प्रणालीची पाळी आली तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे धोक्याची सूचना देणारं त्या वेळी काहीच नव्हतं, असं म्हणायचं का?"

"होतं," प्रणाली म्हणाली. "बाई स्वतः सांगायला आली होती. अंगात आग उठलीय म्हणाली. मी ऐकलं, आणि ते खरं की खोटं हे बघायला पडद्याकडे वळले. मी तिची जाऊ आहे, साहेब. बारा-तेरा वर्षं आम्ही एका घरात राहतो. मी जर वळले, तर सुपरवायझर वळणारच. हिरवा म्हणजे ठीक, असं मीच लिहून दिलं होतं. ते चूक आहे. हिरवा म्हणजे पाणी ठीक. एवढंच."

बाहेर व्हरांड्यात डॉ. अभ्यंकरांनी तिला गाठलं. त्या चिडलेल्या नव्हत्या, दुखावलेल्या होत्या.

"आकडा चुकला असता तर मी संस्था सोडली असती, प्रणाली. पण चुकला नाही."

"मला ठाऊक आहे. चुकला असता तर बरं झालं असतं. निदान यंत्राला नावं ठेवता आली असती."

समितीने घटना उष्णतेचीच ठरवली. दुपारची बंदी परत आली, "पुढील आदेशापर्यंत" या शब्दांसकट. प्रणालीची नेमणूक हंगामी होती. पुढच्या हंगामासाठी तिला पत्र आलं नाही. त्याचं तिला नवल वाटलं नाही. घरी पुष्कळ काम होतं. सकाळी सुगंधाला धरून अंगणात चालवायचं, दुपारी तिच्याकडून शब्द म्हणून घ्यायचे. सुगंधा त्या दुपारबद्दल कधी अक्षर बोलली नाही. तिने रागावूनही दाखवलं नाही आणि जाऊ दे असंही म्हटलं नाही. प्रणाली रोज तिची वेणी घालताना वाट बघायची, आज काहीतरी बोलेल. सुगंधा समोरच्या भिंतीकडे बघत बसून राहायची.

हिवाळा सरता सरता पुण्याहून फोन आला. डॉ. अभ्यंकरांच्या आवाजात जुना उत्साह होता. नवी पट्टी तयार झाली होती. ती पाण्याबरोबर अंगाच्या आतला ताप मोजणार, हृदयाचे ठोके मोजणार, खोलीतल्या हवेतली ओलही मोजणार. "त्या दिवशी ही असती तर केव्हाच लाल झाली असती," त्या म्हणाल्या. खारवणलाच चाचणी घ्यायची होती, आणि तिथे प्रणालीच हवी होती. संस्थेची कायमची नोकरी.

"आणि दुपारची बंदी?" प्रणालीने विचारलं.

"चाचणी यशस्वी झाली तर उठवतील, असं दिसतंय."

"मग मला एक सांगा. नवा दिवा हिरवा आहे, आणि बाई म्हणाली मला बरं वाटत नाही. कोणाचं ऐकायचं?"

"नियम मी करत नाही, प्रणाली. मी मोजते. पण तू तिथे असलीस तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

संध्याकाळी सगळी जेवायला बसली होती. प्रणालीने संकेतला फोनबद्दल सांगितलं आणि म्हणाली, "नाही म्हणणार आहे मी. त्या लाइनकडे मला पुन्हा बघवणार नाही." संकेतने मान डोलावली. दिलीपदादा खाली मान घालून जेवत राहिले.

"जा," सुगंधा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने चमचा ताटात ठेवला, दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. लांब बोलायचं असलं की ती असं करायची.

"तू नाय गेलीस... तर दुसरी कोण... बसेल तिथं. शिकलेली... हुशार." तिने श्वास घेतला. "ती काय... रोज रात्री... माझ्यासमोर... जेवायला... नाय बसायची."

सुगंधाने चमचा पुन्हा उचलला. भाताची शितं तोंडापर्यंत जाता जाता पदरावर सांडली. दिलीपदादांनी ती टिपली आणि मग, ताटावरून नजर न उचलता, आमटीचं भांडं प्रणालीकडे सरकवलं.

सकाळी तिने पुण्याला फोन लावला.

"येते मी," ती म्हणाली. "पण सगळी लाइन बंद करायचं बटण माझ्या टेबलावर हवं. दिवे हिरवे असोत नाहीतर काळे. मी दाबलं की लाइन थांबली पाहिजे आणि मला कोणी कारण विचारता कामा नये."

"मयेकर कबूल होतील का, ते बघावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "मी बोलून बघते."

"आधी बटण बसवून घ्या, डॉक्टर," प्रणाली म्हणाली. "बसलं की कळवा. त्या दिवशी मी रुजू होईन."